हाताला येणारी कडी

हजेरीपटात त्यांचं पद 'देखभाल कर्मचारी' असं होतं. बाकी अख्खी शाळा त्यांना मिस्त्रीकाका म्हणे. एकवीस वर्षांत त्यांनी फळे टांगले, डुगडुगणाऱ्या बाकांखाली पाचरी ठोकल्या आणि शौचालयात आतून कडी लावून अडकलेली एकशे सत्तावीस मुलं सुखरूप बाहेर काढली. हा आकडा त्यांनी स्वतःच ठेवलेला होता, त्यामुळे त्यावर वाद नव्हता.

दूरच्या एका शहरात एक माणूस हत्यार घेऊन शाळेत शिरला, तेव्हा इथे तीन सभा झाल्या आणि वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक वर्गाला आतून कडी, जमिनीपासून दीड मीटरवर. तास चालू असताना दार बंद. काकांनी चार दिवसांत चोवीस दारांना चोवीस कड्या बसवल्या, अशा एका रेषेत की मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, व्हरांड्यात उभं राहून "वा!" म्हटलं. मोठ्या बाई वर्षातून दोनदा "वा" म्हणत.

दोन महिन्यांनी त्या शहरातलं एक कुटुंब इथे राहायला आलं. आई आणि सात वर्षांची मुलगी, मामाच्या आश्रयाला. मुलीचा थोरला भाऊ त्या दिवशी शाळेतून परत आला नव्हता. इथल्या शाळेने जमेल ते केलं. दप्तर दिलं, आईला व्हरांड्यात बसायला बाक दिला, आणि सगळ्यांनी हळू आवाजात बोलायचं ठरवलं. हळू आवाजाने कोणाला बरं वाटतं हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

मुलगी रोज वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत जाई, दाराकडे बघे आणि आईपाशी परत येई. दार बंद असतं म्हणून घाबरते, असं एक मत पडलं. दार उघडं ठेवून पाहिलं, तरी जाईना. मतं आणखी पुष्कळ होती. तिलाच विचारावं असं मात्र कोणाचंच नव्हतं, कारण तिला त्रास होईल.

नवव्या दिवशी मोठ्या बाई आईला म्हणाल्या, "हे वर्ष घरीच राहू दे तिला."

"घरी ती दिवसभर दाराला पाठ लावून बसते हो," आई म्हणाली. "जेवतेसुद्धा तिथेच. इथे निदान उंबऱ्यापर्यंत येते."

काका शेजारीच बिजागरीला तेल घालत होते. मुलगी दाराकडे बघते असं सगळे म्हणत; काकांच्या लक्षात आलं की ती दाराकडे बघतच नाही, वर बघते. कडीकडे.

"काय गं, वाकडी बसलीय का?"

"उंच आहे."

"बाई लावतात ना ती. तुला कशाला लावायचीय?"

"बाई बाहेर गेल्या तर?" मुलगी म्हणाली. "आमच्या बाई बाहेर होत्या. आम्ही बाक ओढला. जड होता."

काका तेलाची बुधली हातात घेऊनच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, कड्या चुकल्यात."

"कोणाच्या?"

"माझ्या. चोवीसच्या चोवीस."

"अहो, परिपत्रकात दीड मीटर लिहिलंय!"

"लिहिणारा उंच असणार. पहिलीचं पोर टाचा उचलूनही तिथे पोचत नाही."

"आणि खाली आणल्या की कार्टी आतून लावून घेतील. मग?"

"मग मी उघडीन. शौचालयांना केलंय तशी बाहेरून चौकोनी किल्ली बसवतो. किल्ल्या दोनच. एक तुमच्याकडे, एक माझ्या कमरेला. कडी मात्र आतून घट्ट धरेल, किल्लीवाचून बाहेरून कितीही ढकललं तरी हलायची नाही."

"आणि वरून विचारणा झाली तर?"

"तर मिस्त्रीने ऐकलं नाही म्हणून सांगा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लेखी द्या."

काकांनी लेखी दिलं. चार ओळींत सात चुका होत्या. बाईंनी सवयीने लाल पेनाचं टोपण काढलं, कागदाकडे जरा वेळ पाहिलं आणि हिरव्या पेनाने सही केली. वरती काय ते मी बघते, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मुलीला दारापाशी उभं केलं. "टाचा उचलायच्या नाहीत. हात सहज जाईल तिथे ठेव." तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि त्याच खुणेवर कडी आली.

मुलीने आत जाऊन कडी लावली. काढली. परत लावली. परत काढली. वर्गातली मुलं अभ्यास बुडतोय म्हणून खूश होती. तिसऱ्यांदा तिने कडी लावली आणि ती निघाली नाही. आतून बाक सरकल्याचा आवाज आला, मग वर्गाच्या बाईंचा, मग पाढ्यांचा.

आई ताडकन उठली. काकांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथूनच परत आला. खिडकीच्या काचेतून त्यांनी डोकावून पाहिलं.

"बसली. दुसऱ्या बाकावर. शेजारणीशी भांडतेय, रबरावरून."

आई खुदकन हसली आणि मग तोंडावर हात ठेवून रडली. एकवीस वर्षांत काकांनी पुष्कळ दारं उघडून दिली होती; एखादं बंद झालं म्हणून छाती फुगायची ही पहिलीच वेळ. त्यांनी ती फुगू दिली. व्हरांड्यात बघायला दुसरं कोणी नव्हतं.

"अजून किती राहिल्या?" आईने डोळे पुसत विचारलं.

"तेवीस."

"मी पकडते काहीतरी."

काका आपली हत्यारं कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी पातळी बघायची पाणसळ तिच्या हातात दिली. पुढच्या दारावर तिने ती टेकवली, मान तिरकी करून बुडबुडा पाहिला आणि म्हणाली, "डावीकडे झुकलंय."

"केसभर," काका म्हणाले, आणि त्यांनी खूण पुसून पुन्हा केली.