दूधवाल्याची घोडी

नोकरीत असताना त्याला सगळे तुफान म्हणायचे. लांब पल्ल्याची बस तो अशी हाकायचा, की प्रवासी उतरल्यावर आधी आपली हाडं चाचपायचे आणि मग सामान मोजायचे. उशीर हा शब्द त्याच्या तोंडी यायचा तो फक्त इतरांबद्दल. त्याची बस रोज त्याच्याच घरावरून जायची, पण तिथे थांबा नव्हता. मग हा नुसता हॉर्न वाजवायचा, बायको फाटकाशी येऊन हात हलवायची, आणि तिचा हात खाली येईपर्यंत बस वळणाआड गेलेली असायची. उभा संसार दोघांनी असाच केला.

तो निवृत्त झाला तेव्हा बायको म्हणाली, "आयुष्यभर तुमच्या वेळापत्रकावर जगले. आता जरा माझ्या वेळापत्रकावर जगा."

तिने वरच्या मजल्यावरच्या खोल्या पाहुण्यांसाठी सजवल्या होत्या. भिंतींना चुना, पलंगावर लोकरीची पांघरुणं, खिडकीतून हात काढला तर हाताला लागेल असं नासपतीचं झाड. सावकाश प्रवास करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांची माणसं विमान नको, मोटार नको म्हणत रेल्वेने यायची, पुढे पायी नाहीतर घोडागाडीने जायची, आणि जिथे मुक्काम तिथल्याच मातीत पिकलेलं खायची. मंडळाने हे घर आपल्या मुक्कामांत घेतलं तर खोल्या नांदत्या होणार होत्या. नाही घेतलं, तर पांघरुणं पुन्हा कपाटात. इतकी वर्षं एकटीने जेवताना तिने हेच एक स्वप्न पाहिलं होतं. तुफानला ते ठाऊक होतं आणि म्हणूनच तो मनातून टरकला होता, कारण स्टेशनवरून पाहुणे आणायचं काम त्याच्याकडे होतं.

घोडी दूधवाल्याची. त्याने टेम्पो घेतल्यावर ती रिकामी झाली, म्हणून यांच्याकडे आली. मंडळाच्या बाई आणि त्यांची भाची घर बघायला आल्या, तेव्हा तुफानने तिला गाडीला जुंपलं आणि स्टेशनवरून त्यांना घेऊन मागच्या कच्च्या वाटेने निघाला. घोडी प्रत्येक दारापाशी थबकायची आणि हा प्रत्येक दारापाशी चाबूक हवेत कडाडवायचा. जित्याची खोड! बाईंची टोपी कुंपणात अडकून मागेच राहिली, भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. घरी पोचले तर कणीक अजून फुगतच होती. पाहुणे दारात आणि पाव भट्टीतून बाहेर, असा बायकोचा बेत होता. त्याचे तीनतेरा वाजले.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "खोल्या फार आवडल्या. पण असंच यायचं असतं तर मोटारीने नसतो का आलो? पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ. शेवटचं."

बायको वर जाऊन पांघरुणांच्या घड्या घालायला लागली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर तुफानला बरं वाटलं असतं.

महिन्याने तो स्टेशनवर जायला निघाला तेव्हा तिने हात पुढे केला. "चाबूक इथे ठेवून जा."

"अगं, मग ती चालणार कशी?"

"तिला चालायचंय तशी."

पाहुण्यांना घेऊन परतताना पहिल्याच घरापाशी घोडी उभी राहिली. तुफानचा उजवा पाय समोरच्या फळीवर आपोआप दाबला गेला, जणू तिथे अ‍ॅक्सिलरेटर होता. घोडी ढिम्म. त्याने ओठ आवळले आणि लगाम सैल सोडला. दार उघडलं, कोंबड्या पाळणारी एक आजी पदर खोचत बाहेर आली.

"अगंबाई, दूधवाल्याची घोडी! वाट विसरली नाही गं माझी बाय." तिने घोडीच्या मानेवर थाप मारली आणि मग गाडीत डोकावली. "पाहुणे वाटतं? थांबा, आत्ताची ताजी अंडी आहेत."

तेव्हा कुठे तुफानच्या डोक्यात प्रकाश पडला. ही घोडी अडत नव्हती. ती आपली दुधाची फेरी करत होती!

पुढच्या दारी शेळ्यांच्या मालकाने चीजचा गोळा ओल्या फडक्यात बांधून दिला. त्याच्या पुढे मधवाला. एक घर बंद होतं, तरी घोडी दूध ओतायला लागेल तेवढा वेळ उभी राहिली आणि मग स्वतःहून निघाली. भाची पोट धरधरून हसली आणि उरलेली वाट पायीच घोडीबरोबर चालली. मधवाल्याने तुफानला निरखून विचारलं, "मोठ्या रस्त्यावरून हॉर्न ठोकत जायचात, ते तुम्हीच ना? पोरं दचकून उठायची हो आमची!" इतकी वर्षं या लोकांच्या कानाशी हॉर्न वाजवला, आणि तोंडं आज पहिल्यांदा पाहिली. तुफानला लाज वाटली, आणि लगेच मजाही वाटली. फळीवरचा पाय कधी सैल पडला, त्याला कळलंसुद्धा नाही. टोपीसुद्धा सापडली. कुणीतरी ती कुंपणावर नीट टांगून ठेवली होती.

उन्हं कलली तशी गाडी घरामागच्या फाटकाशी आली आणि घोडी आपणहून थांबली. फेरीतलं शेवटचं दूध याच घराला असायचं. पावाचा वास वाटेपर्यंत पसरला होता. बायको दोन्ही हात एप्रनला पुसत उभी होती, आणि काळजीने तिचा चेहरा बघवत नव्हता.

बाई उतरल्या. एका हातात अंडी, काखेत चीज, डोक्यावर टोपी. "तुमचं घर घेतलं आम्ही! फक्त एक अट आहे. हीच गाडी, हीच घोडी आणि हाच माणूस. बदलायचा नाही."

"माणूस बदलून मिळत असता," बायको म्हणाली, "तर मी कधीच बदलून घेतला असता!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. भाचीने तिला मिठीच मारली.

पाहुण्या हातपाय धुवायला आत गेल्या. तुफान घोडीचा साज उतरवायला लागला. बायको फाटकाला टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

"उशीर झाला तुम्हाला," ती म्हणाली.

जन्मात त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. तुफानची छाती दोन इंच फुगली.

"होणारच," तो म्हणाला. "सगळे थांबे घेत आलो. आपला धरून."