बैलांच्या टेपवरचा वाढदिवस

२००५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या चार काउंटींना, म्हणजे जिल्ह्यांना, एका संध्याकाळी हवामानाचा नकाशा दिसला नाही, तो माझ्यामुळे. हे आधी कबूल करतो, मग पुढचं सांगतो.

नव्या नोकरीचा तिसरा दिवस होता. लोकल टीव्ही स्टेशनच्या न्यूजरूममागे एक खोली, खोलीत मायक्रोवेव्ह, माझ्या डब्यात भेंडीची भाजी आणि भिंतीवर एकच सॉकेट. त्यातला प्लग काढून मी मायक्रोवेव्हचा लावला. काढलेला प्लग हवामानाच्या कॉम्प्युटरचा होता! पलीकडे स्टुडिओत हवामान सांगणारी बाई लाइव्ह. ती बिचारी कोऱ्या हिरव्या भिंतीवर हात फिरवत "इथे जोराचा पाऊस, इथे थोडं ऊन" सांगत राहिली. भाजी मात्र छान गरम झाली.

घरी पोहोचलो तर वैशाली, म्हणजे माझी बायको, दारातच उभी.

"आज तुमच्या चॅनेलवर ती बाई भिंत का पुसत होती रे?"

"टेक्निकल इश्यू झाला."

तिने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "म्हणजे तू."

तर असा मी. पुण्याचा, पेशाने सॉफ्टवेअरवाला, वय तेव्हा शेहेचाळीस. भूतबित कोणी सांगायला लागलं की मी आधी वायरिंग तपासतो. लहानपणी गणपतीच्या सुट्टीत चुलत भावंडं रंगात येऊन भुताच्या गोष्टी सांगायची, तेव्हा मधेच "पण मग लाइट कोणी लावला?" असं विचारून सगळ्यांचा विचका करणारा मीच. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटतेय...

स्टेशनचं नाव देत नाही. ती इमारत पाडून आता तिथे फ्लॅट्स झालेत. एका जुन्या सिनेमा थिएटरात सुरू झालेलं हे स्टेशन. मोठे कार्यक्रम लंडनहून नेटवर्ककडून यायचे, ते आमचं स्टेशन आपल्या चार काउंटींना दाखवायचं, आणि मधल्या फटींमध्ये स्वतःचं काहीतरी घालायचं – गावातल्या बातम्या, शेतीचं प्रदर्शन, एक प्रश्नमंजूषा, रविवारी सकाळी आपल्या लोकांसाठी अर्धा तास. पुढे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि त्या फटीच बुजल्या. मी गेलो तेव्हा संध्याकाळच्या बातम्या आणि हवामान एवढंच उरलं होतं. तेही बंद व्हायचं होतं. शेवटी 'आपल्या स्टेशनचा इतिहास' असा अर्ध्या तासाचा निरोपाचा कार्यक्रम करायचा ठरला होता. त्यासाठी टेप लायब्ररीची यादी कॉम्प्युटरवर चढवायला मला घेतलं होतं. जे लागणार नाही ते शुक्रवारी स्किपमध्ये, म्हणजे थेट कचऱ्यात.

भिंत पुसणाऱ्या बाईचा किस्सा वैशालीने सगळीकडे सांगितला असणार, कारण दोन दिवसांत कुसुममावशींचा फोन आला. या वैशालीच्या सख्ख्या मावशी. काकांना कार फॅक्टरीत काम मिळालं तेव्हा साठच्या दशकात इथे आलेल्या. कॉव्हेंट्रीतच, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायच्या. काका कधीच गेले होते. आयुष्यभर घरी शिवणकाम केलं त्यांनी.

"जावईबापू, तुम्ही आपल्या इथल्या स्टेशनात आहात म्हणे?"

"हो मावशी, पण शेवटचेच दिवस. बंद होतंय."

"तिथे जुन्या टेपा असतात का हो?" मग आवाज बारीक करून, "मीनाचं नाव वाचलं होतं का, तेवढं बघाल?"

मावशींना एक मुलगी होती, सातव्या वाढदिवशीच मेंदूज्वराने गेली, एवढं मला माहीत होतं. पण मावशींच्या तोंडून 'मीना' हा शब्द मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

त्या काळी या स्टेशनची एक पद्धत होती. मुलांच्या कार्यक्रमांच्या आधी, दुपारी साडेचारला, निवेदिका पडद्यावर येऊन त्या दिवशी वाढदिवस असलेल्या मुलांची नावं वाचायची. आधी दोन-तीन आठवडे कार्ड पाठवून ठेवायचं. मीनाने स्वतः मोर काढून कार्ड पाठवलं होतं. मग ताप आला, आणि त्या दिवशी साडेचारला सगळे हॉस्पिटलात.

"वाचलं की नाही, एवढंच," मावशी म्हणाल्या. "एवढंच बघा."

"बघतो की मावशी, त्यात काय!" मी म्हणालो. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं तरी.

कळणारा माणूस म्हणजे रॉन. स्टेशनातला सर्वात जुना इंजिनिअर, स्टेशनाबरोबरच रिटायर होणार होता. जुन्या दोन इंची टेपची रिळं गाडीच्या चाकाएवढी असतात. ती चालवणारं शेवटचं मशीन त्याच्या ताब्यात होतं, आणि ते फक्त त्याचंच ऐकायचं.

"बर्थडेज? श्री, दोस्ता, ते कोणी रेकॉर्डच करत नव्हतं," रॉन म्हणाला. "लाइव्ह जायचं आणि संपायचं. टेप महाग, तीच पुसून पुन्हा वापरायचो. सॉरी."

मग तो मला निवेदिकेची खोली दाखवायला घेऊन गेला. खोली कसली, झाडू ठेवायचं कपाटच. एक खुर्ची आणि समोर भिंतीला बोल्टने पक्का बसवलेला कॅमेरा. "मीच बसवलाय," रॉन म्हणाला. "बाई आत गेली की दुसरा माणूस आत मावायचा नाही. मुलांना कधी आणलंच नाही इथे. फक्त कार्डं."

म्हणजे विषय संपला. मावशींना काय सांगायचं, या विचारात मी गुरुवारपर्यंत ढकललं.

गुरुवारी दुपारी निरोपाच्या कार्यक्रमासाठी एक टेप उतरवून घ्यायची होती. शेतीच्या प्रदर्शनातले बैल. त्यातला एक बैल निवेदकाच्या मागे लागला होता म्हणे, आणि तेवढा तुकडा सगळ्यांना हवा होता. रॉनने रीळ चढवलं. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला घड्याळ असतं, काटा शून्याकडे येतो, शेवटचे तीन सेकंद पडदा काळा, मग कार्यक्रम. काटा आला. काळं झालं.

बैल नव्हते.

नारिंगी पडद्यासमोर केस फुलवलेली एक बाई, हातात कार्डांचा गठ्ठा. रॉन हळूच म्हणाला, "ओह, हॅलो लव्ह." ती निवेदिका जाऊन बारा वर्षं झाली होती, हे त्याने मला नंतर सांगितलं.

ती नावं वाचत होती. रग्बी गावचा एक मुलगा, ननईटनची जुळी भावंडं. आणि मग – "कॉव्हेंट्रीची मीना, आज सात वर्षांची झाली, आणि तिने आपल्यासाठी किती सुंदर मोर काढलाय!" कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. मोर होता. मी खुर्चीवरून उठलोच. सापडलं! मावशींचं काम झालं!

आणि मग ती बाई म्हणाली, "मीना आज आपल्याकडे आलीच आहे."

कॅमेरा सरकला. बोल्टने बसवलेला तो कॅमेरा डावीकडे सरकला, आणि तिथे दुसरी खुर्ची होती. खुर्चीत एक मुलगी. पिवळा फ्रॉक, खिशावर शिवलेलं पांढरं बदक, दोन वेण्या. हसत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. तिचा डावा हात बाजूला लांब ताणलेला होता, चौकटीच्या बाहेर... पलीकडे कोणीतरी तो धरून बसलंय, तसा.

तिने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, हात सोड ना गं."

निवेदिका म्हणाली, "थँक यू, मीना." मग नेटवर्कचं चिन्ह आलं, मग नुसत्या मुंग्या.

मशीन फिरत होतं.

"ती काय म्हणाली?" रॉनने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "त्या वर्षांत दुपारच्या डेस्कवर मीच असायचो, श्री. हे झालेलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा, जरा रागानेच, "तो कॅमेरा हलत नाही!"

मावशींसाठी डीव्हीडीवर कॉपी करायची म्हणून आम्ही टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. घड्याळ, काटा, काळं... आणि बैल. पहिल्या सेकंदापासून बैल. चिखल, छत्र्या, बैल, बैलामागून बैल, आणि अठराव्या मिनिटाला पळणारा तो निवेदक. तीन वेळा लावली. तीन वेळा बैल.

कोणती टेप कधी लावली, काय दिसलं, हे एका तक्त्यावर लिहायची पद्धत होती. रॉनने लिहिलं – पहिल्या वेळी : वाढदिवस, एक मूल. दुसऱ्या वेळी : बैल. सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "तूही कर. दोन माणसांना एकदम वेड लागत नाही." मी केली.

घरी येऊन वैशालीला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि खाली बसली. टिंगल केली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"मावशीला फक्त 'नाव वाचलं' एवढंच सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "बाकी एक शब्द नाही. कळलं? एक शब्द नाही."

शनिवारी दुपारी गेलो. मावशींनी चहा ठेवला, चिवड्याचा डबा उघडला. मी पाठ केल्यासारखं म्हणालो, "मावशी, नाव वाचलं होतं. मोराचंही कौतुक केलं."

"हो का," त्या म्हणाल्या. चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. आणि मग म्हणाल्या, "फ्रॉक कुठला होता?"

मी वैशालीकडे बघितलं. तिचा रंग उडाला होता. नाव वाचणाऱ्या बाईच्या टेपवर मीनाचा फ्रॉक कुठून येणार? असा प्रश्न कोण विचारेल?

"पिवळा," माझ्या तोंडून निघून गेलं. "खिशावर बदक."

मावशी खुर्चीत बसल्या. "वॉर्डातला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. पण बदक दिसलं मला. तो फ्रॉक घरी हँगरला होता हो. बटणं लावायची राहिली होती त्याची."

मग जे त्यांनी काकांनासुद्धा सांगितलं नव्हतं, ते आम्हाला सांगितलं. चार दिवस त्या मीनाचा डावा हात धरून बसल्या होत्या. जेवायलासुद्धा सोडला नव्हता. वॉर्डाच्या टोकाला टीव्ही, आवाज बंद. साडेचारला नावं वाचतील म्हणून वर पाहिलं, तर बाईच्या शेजारी मीना. इथे पलंगावरही मीना, हातात हात. तिकडच्या मीनाचे ओठ हलले.

"मला ऐकू येईना. म्हणून मी हात सोडला आणि आवाज मोठा करायला धावले. बटण फिरवलं तर कार्टून लागलेलं. वळून बघते तर नर्स पडदा ओढत होती." मावशींचा आवाज अगदी सपाट होता. "चार दिवस धरला, आणि नेमका तेव्हा सोडला. पोरगी जात होती आणि आई कुठे, तर टीव्हीपाशी. कुणाला सांगणार होते मी हे?"

स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"श्रीपाद," मावशी म्हणाल्या. जावईबापू नाही, तुम्ही नाही. "काय म्हणाली रे ती?"

मी पुन्हा वैशालीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सांग," ती म्हणाली.

"आई, हात सोड ना गं," मी म्हणालो. "एवढंच."

मावशी पुढे झुकल्या.

"'ना गं' म्हणाली?"

"हो. 'ना गं' म्हणाली."

"असंच म्हणायची ती," मावशी म्हणाल्या. "रोज. शाळेचं फाटक दिसलं की." आणि तीस वर्षांनी, माझ्या समोर, पदर तोंडाला लावून त्या रडल्या. वैशाली त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावत बसलो. लागत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मावशी गेल्या, म्हणून आज लिहितोय. पुसलेल्या टेपवर जुन्या चित्राचे अवशेष राहू शकतात, हे मी वाचलंय. पण मग ते एकदाच का दिसले? कॅमेरा कसा सरकला? हँगरला टांगलेला फ्रॉक तिच्या अंगात कसा आला? रॉनला दर ख्रिसमसला फोन करतो. तो तब्येतीबद्दल बोलतो, बागेबद्दल बोलतो, टेपबद्दल नाही. आमच्या सह्यांचा तो तक्ता बाकी कागदांबरोबर स्किपमध्ये गेला. स्पष्टीकरण मला तेव्हा मिळालं नाही, आजही नाही, आणि खरं सांगायचं तर मी आता शोधतही नाही.

त्या शनिवारी आम्ही निघालो तेव्हा मावशी आम्हाला सोडायला बाहेरपर्यंत आल्या होत्या. आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली लावली, तेव्हा वैशाली म्हणाली,

"मावशी कधी कुणाचा हात धरत नाही, माहितेय तुला? माझ्या लग्नात नाही, काका गेले तेव्हाही नाही. आज दारापासून गाडीपर्यंत माझा हात धरून आली."

मी किल्ली फिरवायचा थांबलो.

"आणि मग," ती म्हणाली, "आपणहून सोडला."