तिनं माझी हमी घेतली

हॉस्पिटलमधून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी ताईसाठी पेज गाळत होते. तिच्या छातीतला संसर्ग उतरतोय असं डॉक्टर सकाळी म्हणाले, म्हणूनच मी घरी आले होते... फोनवर तो नुसतंच "ये" म्हणाला. ताईला जाऊन आता महिना उलटून गेला.

वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही अकोल्याची माणसं रायपूरची झालो. ताई सिंचन खात्यात नकाशे काढायची. आम्हा दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात ठरली होती. पंडरीच्या कापडबाजारात शालू घ्यायला गेलो तेव्हा तिनं एक लालभडक शालू उचलला, एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. "या डोळ्यानं मले हा विटका काहून दिसून राहिला?" मला वाटलं, थट्टा करतेय. पुढच्या आठवड्यात तिचा पाय जड पडला.

मेंदूचा फोटो निघाला, मग पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. त्या पाण्यात प्रथिनांचे असे पट्टे दिसले, जे तिच्या रक्तात नव्हते. डॉक्टरांनी समजावलं, शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदूच्या आवरणाआड आपल्याच नसांवर उलटली आहे. डोळा, फोटो आणि हे पट्टे एकच सांगतात, मल्टिपल स्क्लेरोसिस. आई रडू लागली. ताईनं विचारलं ते वेगळंच. "माह्या बहिणीले होईल का?"

डॉक्टर म्हणाले, हा आजार सरळ वारशानं उतरत नाही. अनेक जनुकं मिळून थोडा थोडा कल देतात, त्यात बाहेरचंही काही घडावं लागतं. सख्ख्या बहिणीला धोका इतरांपेक्षा जास्त, तरी बहुतेक बहिणींना हा आजार कधीच होत नाही.

हे सगळं ताई स्वतः जाऊन माझ्या होणाऱ्या सासूबाईंना सांगून आली. काठी टेकत गेली होती. "लपवून पोट्टी देणार नाही, आन् नुसत्या भीतीपायी तिचं लग्नही मोडू देणार नाही." सासूबाईंनी उठून आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "चहा घेऊन जा." माझं लग्न ठरल्या तिथीला झालं. ताईचं झालं नाही. तिच्या होणाऱ्या सासरच्यांनी नकार दिला नव्हता. तिनंच तो कळवला.

आईबाबा गेल्यावर ती आमच्या तेलीबांध्याच्या घरी आली. एकदा मी विचारलं, "माझी हमी घेतलीस, मग स्वतःची का नाही?" ती म्हणाली, "तुह्या अंगात नुसती शक्यता होती, बाई. माह्या अंगात तो राहाले आला होता." मग म्हणाली, "चुकलंच असंन माहं. पण आता कोणाले विचारू?"

मला काही झालं नाही. माझी मुलगी धडधाकट आहे. ती मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. घरात वऱ्हाडीतलं "काहून" म्हणणारी ताई एकटीच उरली होती.

रायपूरचा उन्हाळा तिला सोसत नसे. अंग तापलं की दृष्टी धूसर व्हायची, पाय उचलत नसत. म्हणून तिच्या खोलीतला कूलर सकाळीच भरायचा, हा घराचा नेम. अजून मी भरते. काल दुपारी तिथंच जमिनीवर बसून, आज ऊन किती आहे ते तिला सांगत होते. लेक दारात आली. "मम्मी, किससे बात कर रही हो?"

मी म्हटलं, "ये, बस. थंड हाय इथं."

ती बसली.