वरच्या आवाजाची जागा

गोव्यातल्या आमच्या चिंचिणीत एर्मेलिंदइतकी बोलणी कुणी खाल्ली नसतील आणि तिच्याइतकी परतही केली नसतील. बाप इथला, ट्रम्पेट वाजवत मोझांबिकला गेलेला, आई तिथली. "केस तिकडचे, नाक चिंचिणीचं आणि जीभ माझी स्वतःची," असं ती बघायला आलेल्या नवरदेवांना सांगायची. तिघे उठून गेले. चौथा आलाच नाही.

तियात्रांना, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकांना, चाली देता देता पन्नाशीत बाईने ऑपेरा लिहायला घेतला. समुद्रापलीकडून आलेल्या एका बाईचा. म्हणजे आईचाच, हे पाववाल्यालाही कळलं होतं. शेवटी आईची अंगाई, आणि ती स्वतः एर्मेलिंद म्हणणार. आई होती तोवर तिला, आवाज जाड म्हणून, चर्चच्या गाणाऱ्यांत कधी घेतलं नव्हतं. तिचं गाणं मडगावच्या भरल्या थिएटरात व्हावं, एवढंच लेकीला हवं होतं.

नेमकं तेच जमेना. आमच्यात एकाने सूर धरला की शेजारचा न सांगता खालचा आवाज लावतो. लदाइनीच्या प्रार्थनेत, लग्नात, बसमध्येसुद्धा. एर्मेलिंदनेही सवयीने अंगाईला खालचा आवाज लिहिला. तालमीत दोन्ही एकत्र आले आणि विहिरीच्या तळातून कुणी बोलल्यासारखं वाटलं. तीनदा बदललं, तीनदा तेच.

"बाय," म्हातारे व्हायोलिनवाले मेस्त रुझार म्हणाले, "खालच्याला आणखी खालचा कशाला जोडतेस? आईने शिकवला तोच खालचा आवाज. वरचा कुठाय?"

"मेस्त, आई एकटीच म्हणायची."

"खालचा आवाज एकटा कोण म्हणतं गं? वेडी होती?"

एर्मेलिंदची पेन्सिल थांबली. एरवी मेस्तची खैर नव्हती.

"प्रत्येक ओळीआधी ती मान कलती करून थांबायची," ती म्हणाली. "मी म्हणायचे, म्हण ना! तर म्हणायची, थांब, आधी तिला सुरू करू दे. मला वाटायचं, खेळ आहे."

"तिला म्हणजे कुणाला?"

"ते नाही सांगितलं. दाराकडे बघायची. दार बंद असायचं."

भरदुपार होती, तरी क्लॅरिनेटवाल्या झुझिनने उठून दिवा लावला. मी, कातड्याचं मातीचं घुमट वाजवणारा, त्याला हसलो. मग दार बघून आलो.

वरचा आवाज तिने दहादा रचला, दहादा खोडला. "हा माझा झाला, तिचा नाही," म्हणायची. रविवार उजाडला, प्रयोग साडेतीनचा, आणि कागदावर वरच्या ओळी कोऱ्याच.

"रिकामं ठेवून गाणार?" मी विचारलं.

"आई गायचीच ना? तू घुमट मांडीवर धर आणि हात लावू नकोस. तुझी बडबडही नको."

शेवटचा प्रवेश आला. सगळी वाद्यं थांबली. एर्मेलिंद पुढे झाली, मान कलती केली आणि थांबली. थिएटरात कुणी खोकलंही नाही.

तेवढ्यात माझ्या मांडीवरचं घुमट गुंजू लागलं. जवळ कुणी मोठ्याने गायलं की त्याचं कातडं असं थरथरतं. पण गात कुणीच नव्हतं. मी दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसावेत म्हणून. मेस्त रुझारनी क्रूस केला.

एर्मेलिंद हसली आणि तिने खालचा आवाज लावला. तो अजिबात एकटा वाटला नाही. पुढच्या रांगेतल्या बायका, आईला चर्चच्या गाण्यात न घेणाऱ्याच, पदरात तोंड खुपसून रडत होत्या. प्रत्येक ओळीआधी ती थांबे, आणि घुमट गुंजे.

संपल्यावर लोक बाकांवर उभे राहिले. "वन्स मोअर! वन्स मोअर!" आमच्याकडे याला नकार देत नाहीत. मीही म्हणालो, "बाय, घे पुन्हा."

तिने माझ्या घुमटावर तळवा टेकवला. कातडं गप्प होतं.

"कुणाबरोबर घेऊ?" ती म्हणाली. "ती गेली."