धारेचा सूर

आमची आई धार काढताना गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसता नाकातला सूर. तो लागला की थोरली म्हैस डोळे मिटून पान्हा सोडायची, आणि दिवसभर कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून आलेली मीही कोपऱ्यात उभ्याउभ्या पेंगायचे. हडपसरच्या त्या गोठ्यातल्या संध्याकाळी आठवल्या की अजून अंग सैल पडतं.

त्या सुमारास आजूबाजूची शेतं कुंपणात गेली आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कुठल्याशा स्कीमचे फ्लॅट विकून संपले, तसा वडिलांनी तिच्या जाहिरातीचा भलामोठा फ्लेक्स घरी आणला. थंडीत म्हशींना वारा लागू नये म्हणून आमच्याकडे गोणपाटं टांगलेली असायची. ती काढून वडिलांनी छपरापासून खालपर्यंत फ्लेक्स घट्ट ठोकला. आता गोठ्यात निळाशार पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या काठावर हसणारं गोरंपान कुटुंब. शेणाची वाफ, मुताचा झोंबणारा वास, कडब्याची धूळ, सगळं पिवळ्या बल्बाखाली तरंगत राहायचं. मला ते तळ्यावरचं धुकं वाटायचं. डोळे चुरचुरायचे, तेही गोड वाटायचं. खुळेपणा, दुसरं काय!

मग आईचा सूर तुटायला लागला. आधी खोकला, मग छातीत शिट्टी. सूर तुटला की म्हैस पान्हा चोरायची. "म्हशीला नखरं सुचत्यात," वडील म्हणायचे. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला, तरी धारेला बसली की आई धापा टाकायची. एक दिवस तो सूर येणारच नाही, या भीतीने मी धारेच्या वेळी पेंगायचं सोडून कान देऊन उभी राहायचे.

एका सकाळी ती अंगणातल्या चुलीपाशी भाकरी थापत होती आणि गुणगुणत होती. अखंड. मी बघतच राहिले.

"आई, हितं दम लागत न्हाई?"

"आत लागतो. त्या तळ्यापाशी."

मी विळा उचलला आणि गोठ्यात शिरले. वडील आडवे आले.

"म्हशी गारठल्या तर दूध काय तू देणार हायस?"

"आन् आई गेली तर धार तुमी काढणार?"

ते बाजूला झाले. मी फ्लेक्स वरपासून फाडला. हसणारं कुटुंब तलावासकट शेणात पडलं. गार वारा आत आला, आणि कोंडलेलं धुकं उन्हाच्या तिरिपेतून हळूहळू बाहेर निघून गेलं.

म्हशी काही गारठल्या नाहीत. आईच्या छातीतली शिट्टी कमी झाली, पण पुरती गेली नाही. पंप कायमचा कमरेला खोचलेला राहिला. धार काढताना ती मध्येच थांबायची, श्वास गोळा करायची. तेव्हा मागून, कडबा टाकता टाकता, वडील तिचा सूर उचलायचे. जन्मात कधी न गायलेला माणूस, आवाज जाडाभरडा आणि साफ बेसूर. म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघायची, पण पान्हा चोरायची नाही.