माझे जीन आणि मूर्तिजापूरच्या कचोऱ्या

हसायचं असेल तर शेवटी हसा बरं, कारण त्या सकाळी मी खरंच मरायच्या तयारीत होतो!

जठारपेठेत माझं फुलांचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसायचं आणि समोर येईल ते खायचं. मी एकटा बसलो तरी ऑटोवाला दुसरी सवारी घेत नसे, इतकं वजन! अमरावतीच्या एक डॉक्टरीणबाई माझ्यासारख्या जाड्या माणसांचा अभ्यास करत होत्या. कमी खाल्लं की शरीरातल्या जीनांचं काम कसं बदलतं, ते बघायचं. माझ्या बायकोनं, शोभानं, मला त्यात घातलं.

"जीन म्हंजे? कापसातली सरकी काढते ते?" तिनं विचारलं.

"नाही वं! बापजाद्याकडून येते ते. नाक, डोये, टक्कल."

मग काय! आधी रक्त दिलं, मग अर्धी भाकर, वाटीभर वरण आणि दुधीची भाजी. दुकानातला झेंडूसुद्धा मला बुंदीसारखा दिसायला लागला! पार उन्हाळा लागेपर्यंत कळ काढली, पुन्हा रक्त दिलं. आणि एका संध्याकाळी बाईंचा फोन.

"भाऊ, रिपोर्ट आला. तुमच्या जीनांमध्ये मोठा बदल दिसतोय. उद्या सकाळी वहिनींना घेऊन या, आणि येताना..."

पुढचं ऐकायला माझ्यात जीव होता कुठे? फोन ठेवला. परत वाजला, तर बंदच करून टाकला.

तुम्हीच सांगा, बापजाद्यांकडून आलेलंच बदललं तर माणसाचं उरलं काय? सकाळी आरशासमोर नाक चाचपून पाहिलं. होतं जागेवर.

अमरावतीच्या बसमध्ये मी निरवानिरव सुरू केली.

"शोभे, दुकान सांभाळजो. हार स्वस्तात देऊ नको."

"असं काहून बोलून राहिले? डॉक्टरीणबाईचं पुरं आयकलं का तुमी?"

"जीन बदलले म्हणे! आता काय राहिलं आयकाचं?"

तीही रडायला लागली. मी पातूरला धाकट्या भावाला फोन लावला. "गजानन, अमरावतीच्या दवाखान्यात चाललो. माहा काही भरोसा नाही आता." तो तिकडे बोंबललाच.

मूर्तिजापूरला बस थांबली. समोर कढई, कढईत कचोऱ्या. म्हटलं, मरायचंच आहे तर उपाशी कशाला? एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग मोजणं सोडलं. इतके महिने माझा घास न् घास मोजणारी शोभा, तिनंच डोळे पुसत रबडी पुढे केली. "खा. पोटभर खा."

दवाखान्यात पोचलो, तर दारात जीप! गजानन, त्याची बायको, दोन आत्या, सगळ्यांचे डोळे सुजलेले. गजानन गळ्यात पडला. "दादा, किती सुकला गा तू!"

गलका ऐकून डॉक्टरीणबाई हातात सुई घेऊनच बाहेर आल्या. मी हात जोडले.

"बाई, किती दिवस हायेत?"

"कशाचे?"

"माह्ये! जीन बदलले ना?"

"अहो, जीन तेच आहेत! त्यांचं काम बदललंय. चरबी वाढली की काही जीन अंगात सूज वाढवणारं काम जोरात करतात. कमी खाल्ल्यानं तुमचे ते शांत झाले. आमच्याकडे इतका चांगला फरक दुसऱ्या कोणात दिसला नाही. म्हणून तर वहिनींना बोलावलं, स्वयंपाक त्यांचाच ना!"

आत्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं. मी छाती पुढे काढली.

"फक्त खात्रीसाठी आज पुन्हा रक्त घ्यायचंय. उपाशीपोटी या, हेच सांगत होते, तर तुम्ही फोन ठेवला. काही खाल्लं नाही ना?"

शोभा आभाळाकडे बघायला लागली. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्दाच्या आधी ढेकर बाहेर आला. कचोरीचा. चांगला लांबलचक!

बाईंनी हातातली सुई खाली घेतली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जीपभर माणसांकडे.

"भाऊ, तुमचे जीन शांत झालेत. आता तेवढे तुम्ही व्हा."