रुमालाखालची नक्कल

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सिंदीच्या बाजारात कापसाच्या दलालाने माझ्या भावाचा जबडा मोडला.

भाऊ सणासुदीला नकला करायचा. नवी नक्कल तो आधी न्हाव्याच्या दुकानात करून बघे. गिऱ्हाइकाच्या गालावर न्हाव्याचा वस्तरा थांबला, की नक्कल पास. मी मॅट्रिक झालेला, म्हणून नकलांची वही माझ्याकडे. लोक जिथे हसत, तिथे मी समासात फुली मारी.

त्या वर्षीची नक्कल सौद्याची होती. दलाल आणि शेतकरी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. भाऊ आपल्याच दोन्ही हातांवर रुमाल टाके. वर तोंड गोड हसून चहा विचारी, खाली एक हात दुसऱ्याची बोटं पिरगाळी. वस्तरा थांबला, पण माझं समाधान होईना. हा नकलेतला दलाल कुणासारखाच वाटत नाही, असं मी म्हणालो. माणूस ओळखू यायला हवा, असं पुस्तकं वाचून मला वाटू लागलं होतं.

"एकाची करतच नसते," तो म्हणाला. "तिघायच्या खोडी एकात घालाच्या. मंग कोणालेच वाटत नाई का हा मीच आहो."

मी आठवडाभर त्याच्या मागे लागलो. आमच्या बाजारातला दलाल भाव पाडण्याआधी डाव्या कानाची पाळी चोळायचा. तेवढं मी वहीत लिहून दिलं.

त्या दिवशी मी वही घेऊन फळ्यांच्या मंचासमोर खाली बसलो होतो. भावाने पाळी चोळली. लोकांनी वळून पाहिलं, तर दलाल खुर्चीत बसून तेच करत होता. तसं हसू मी पुन्हा ऐकलं नाही.

दलाल मंचावर चढला. त्याच्या दोन हमालांनी भावाला धरलं. कापसाच्या गाठी ओढायच्या लोखंडी आकड्याची मूठ दलालाने त्याच्या तोंडावर हाणली. लोकांना तो नकलेचाच भाग वाटला. ते हसले. मी फुली मारली.

"आता लाव ना कानाले हात," दलाल म्हणाला आणि पुन्हा हाणली. दात फळीवर पडले तेव्हा हसू थांबलं. मग त्याने भावाची बोटं एकेक करून मागे मोडली. कुणी पुढे गेलं नाही. मीही गेलो नाही.

जबडा वाकडा जुळला. दिवाळीनंतर भाऊ न्हाव्याच्या दुकानात उभा राहिला, कशीबशी रुमालात बोटं घातली, बोलू लागला. शब्द नीट उमटेनात. वस्तरा चालत राहिला. त्यानंतर त्याने नक्कल केली नाही.

यंदा तो गेला. वही माझ्याकडे आहे. तिच्यातली शेवटची फुली त्या पहिल्या फटक्याची आहे.